डोंगरावर मारलेली हाक

आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. पाहुणे आले की त्यांना वाटायचं घरात भांडण चाललंय. भेस्तानला रेल्वेच्या रुळांपलीकडे एका गल्लीत आमची खोली होती आणि खोलीच्या मागच्या भिंतीला चिकटूनच मागांची शेड. सुरतेत अशा शेडला खातं म्हणतात आणि मागाला संचा. भिंतीच्या त्या बाजूला संचे दिवसरात्र चालत, आणि या बाजूला मांडणीवरचे पेले थरथरत, पाण्याच्या हंड्यावरचं झाकण हळूहळू सरकत एका कडेला येई आणि माय येता-जाता ते पुन्हा नीट बसवी. फरशीवर पाय टेकला की तळव्याला मुंग्या आल्यासारखं वाटे. मी शाळेत बाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायला उभी राहिले की साऱ्या वर्गाला हसू येई, कारण मी शेजारच्या इमारतीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायची. आजही मी फोनवर बोलते तेव्हा माझी नात हातानं आवाज खाली कर अशी खूण करते, आणि वर गुजरातीत म्हणते, बा, फोन आहे, तो स्वतःच पोचवतो आवाज.

आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच खात्यात संचे चालवत. अमळनेरकडच्या एका खेड्यातून ते लग्नाआधीच सुरतेला आले होते. पाळी संपवून घरी आले की अंगाखांद्यावर कापसाचा भुरा असायचा, भुवयांवरसुद्धा. माय दारातच टॉवेलनं त्यांची पाठ झटकी. मग ते पाटावर बसत आणि आम्हा दोघा भावंडांना, मला आणि माझ्याहून आठ वर्षांनी लहान गोटूला, समोर बसवत. अगदी समोर. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, कधी शेवभाजी, तिच्यावर तेलाचा लाल तवंग. जेवताना दिवसभरात काय झालं ते सांगायचं अशी घरची रीत होती, आणि आप्पा आम्ही बोलत असताना घास हातात धरून आमच्या तोंडाकडे बघत राहत. माझ्या मैत्रिणींचे वडील पेपरातून मान वर काढत नसत. माझे आप्पा माझ्या एकेका शब्दाकडे असं बघत, जणू तो निसटून जाईल. याचा मला फार अभिमान होता. मैत्रिणींना मी तसं सांगतही असे.

हातांनीही ते खूप बोलत. खात्यात आवाजामुळे तोंडाचा उपयोगच नसतो, म्हणून कारागीर खुणांनी बोलतात. धागा तुटला, चहा आला, शेठ येतोय, सगळ्याला खूण. संचा म्हणायचं तर दोन बोटं जोडून हवेत इकडून तिकडे पळवायची, मागातला धोटा पळतो तशी. या खुणा आमच्या घरातही आल्या होत्या. गोटू बोलायच्या आधी खुणा शिकला. संध्याकाळी आप्पा रेडिओ लावून त्याच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवून बसत. पेटी तापते का बघत असतील, असं मला वाटे. वीज गेली की ते एकदम गप्प होत. कंदील लागेपर्यंत आम्ही काहीही विचारलं तरी उत्तर नाही. अंधार त्यांना आवडत नाही, असं माय सांगे. त्यांना मागून कुणी हाक मारत नसे. माय त्यांच्या दंडाला हात लावी, तेच बघून आम्हीही तसंच करत होतो. हे सगळं मी रोज डोळ्यांनी बघत होते. लहान मूल आपल्या घराला जग समजतं आणि बाकी घरं वेगळी का आहेत याचं नवल करत बसतं, एवढंच मी आज म्हणू शकते.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. दुपारी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या जयंतीकाकांच्या फोटो स्टुडिओत पासपोर्ट फोटोंच्या कडा कापायला जात असे. काकांच्या काचेच्या कपाटात एक जुना कॅमेरा होता. गिऱ्हाईक नसलं की ते तो माझ्या हातात देत, उजेड कसा मोजायचा, श्वास रोखून बटण कसं दाबायचं ते दाखवत. पण स्टुडिओत फोटो काढायचा कशाचा? मागे एक रंगवलेला पडदा होता, त्यावर बर्फाचे डोंगर आणि एक तळं. सुरतेची जमीन सपाट. मी खरा डोंगर जवळून कधी पाहिलाच नव्हता. म्हणून कॉलेजच्या निसर्ग मंडळाची डांगच्या डोंगरात पायी भटकंती ठरली तेव्हा मी घरी न विचारताच नाव देऊन आले, आणि काकांनी एक रीळ भरून कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, पडद्यावरच्यापेक्षा चांगला डोंगर घेऊन ये.

घरी माय नाहीच म्हणाली. मुलामुलींच्या घोळक्यात, जंगलात, एक रात्र बाहेर. मी रडले, जेवले नाही. आप्पा माझ्याकडे आणि मायकडे आळीपाळीनं बघत होते. मग त्यांनी मला आमच्या अहिराणीत विचारलं, "डोंगर कितला लांब शे? तठे गाव शे का, खातं शे का?"

"काहीच नही, आप्पा," मी म्हटलं. "नुसतं जंगल."

ते म्हणाले, "मी येस तुनासंगे."

सुटी मागायला ते कधी शेठसमोर उभे राहिले नव्हते. त्या वेळी राहिले. वडील सोबत येतात म्हटल्यावर देसाईसरांना, म्हणजे आमचं मंडळ चालवणाऱ्या सरांना, बरंच वाटलं. मायनं कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. निघताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आप्पांच्या जवळ राहजो. त्यास्ले एकलं सोडू नको." मला वाटलं, तिला माझीच काळजी आहे आणि ती असं उलटं बोलून दाखवतेय.

बिलिमोऱ्याहून वघईला जाणाऱ्या छोट्या गाडीत आप्पा दारात बसले होते. सागाचं जंगल सुरू झालं तसे ते लहान मुलासारखे पुढे वाकले. मुलांनी गाणी सुरू केली, थेपले आणि छुंदा सगळ्यांना वाटला, आप्पांनीही भाकरी वाटली. कुणी काही विचारलं की ते हसून मान हलवत. गुजराती मुलांना वाटलं मराठी काका लाजाळू आहेत. वघईहून बस, मग एका पाड्यावर मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोंगर चढायला लागलो.

त्या सकाळचं पहिलं आठवतं ते म्हणजे माझेच कान दुखत होते. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. खात्याला आठवड्यातून एकदा वीज बंद असायची, त्या दिवशीसुद्धा पलीकडच्या गल्लीतले संचे असतच. इथं आपल्याच चपलेखाली पान मोडलं तरी दचकायला होत होतं. पावसाळा नुकताच सरला होता. डोंगराच्या अंगावर कंबरभर गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि वाट त्यातून नागमोडी वर गेली होती. एक वळण वर, त्याच्या वर दुसरं वळण. प्रत्येक वळणावर दरी आणखी उघडत होती. मी सारखी थांबत होते. धुक्यातून वर आलेलं एक एकटं झाड घेतलं, उन्हाची तिरीप पडलेला कडा घेतला, खाली नदीचा वाकलेला पट्टा घेतला. आप्पा माझ्या पुढे चालत होते. मधेच वळून मला डोळ्यांनी विचारत, आली का? मग पुन्हा पुढे. त्यांना एवढं मोकळं चालताना मी कधी बघितलं नव्हतं. खात्यात ते दिवसभर दोन ओळींच्या मधल्या अरुंद जागेत फिरत.

एका वळणावर वाट जरा रुंद झाली होती. बाहेरच्या कडेला दरी, आतल्या बाजूला चढ. पाच-सहा मुलं तिथं दम खात उभी होती आणि त्यांच्यापासून थोडं पलीकडे, अगदी कडेजवळ, आप्पा दरीकडे तोंड करून उभे होते. हात पाठीमागे बांधलेले. मला ते दृश्य आवडलं. मी खाली थांबून कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत डावीकडे मुलांची रांग, उजवीकडे आप्पा, मागे निळे डोंगर. मी श्वास रोखला.

वरच्या वळणावर आमच्यातलीच काही मुलं पुढे गेली होती. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी पायाखालून दगड सुटला. मला आधी त्याचा आवाज आला, ठक, ठक, आणि मग गवत कापल्यासारखा सर्र आवाज. वरून देसाईसर ओरडले, "पत्थर. खसी जाओ बधा." सरका सगळे. सगळे ओरडले. चौकटीतल्या सगळ्या माना एकदम वर वळल्या, सगळी तोंडं उघडली, मुलं चढाच्या अंगाला चिकटली. आणि आप्पा दरीकडे बघत तसेच उभे होते. शांत. ओठांवर जरासं हसू. सर पुन्हा ओरडले, "काका, खसो, काका." मी कॅमेऱ्यातून बघत होते आणि मला काही समजत नव्हतं. हा माणूस वळत का नाही? माझं बोट आपोआप दाबलं गेलं. खटका उडाला आणि दगड त्यांच्या पोटरीवर आदळला.

ते कडेवरून खाली गेले. मी किंचाळले असेन, मला आठवत नाही. कडेखाली गवताचा उतार होता आणि त्यात करवंदीची एक मोठी जाळी, तिच्यात ते अडकले. तिच्याखाली मात्र काहीच नव्हतं. दोन मुलं आणि सर दोरी धरून उतरले आणि त्यांना वर घेऊन आले. पोटरी फाटली होती, हात-तोंड काट्यांनी ओरबाडलं होतं. वाटेवर बसवल्यावर आप्पांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. भीतीपेक्षा दुखावल्यासारखे दिसत होते. मग ते मला म्हणाले, "कोनी लोटं माले?"

त्यांना वाटलं होतं, कुणीतरी मागून ढकललं.

सर माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "एवढ्या मोठ्यानं ओरडलो आम्ही." मला वाटलं, विचारात असतील, चक्कर आली असेल. सरांनी जखम धुऊन फडकं बांधलं आणि खाली नेण्यासाठी झोळी करायला मुलं काठ्या आणायला गेली. मी आप्पांच्या पाठीमागे बसून त्यांच्या सदऱ्यातले काटे काढत होते. सरही त्यांच्यामागून गेले होते, आजूबाजूला कुणी नव्हतं. वारा पडला होता. संचे नव्हते, रेल्वे नव्हती, गल्ली नव्हती. मी त्यांच्या मानेजवळ तोंड नेऊन म्हटलं, "आप्पा."

ते समोर बघत राहिले.

"आप्पा," मी जरा मोठ्यानं म्हटलं. मग घरात बोलतो तशा आवाजात. मग त्याहून मोठ्यानं. माझी हाक पलीकडच्या डोंगरावर जाऊन परत आली, मी ती परत आलेली ऐकली, आणि माझ्यापासून वीतभर अंतरावरच्या माझ्या बापानं ती ऐकली नाही. ते आपल्या पायावरच्या फडक्याची गाठ नीट करत होते. मग त्यांना माझा श्वास मानेवर लागला असेल, ते वळले, आणि वळल्या वळल्या माझ्या तोंडाकडे, ओठांकडे बघून म्हणाले, "काय म्हनी राह्यनी?"

मी म्हटलं, "काही नही."

खाली उतरताना, बसमध्ये, गाडीत मी आप्पांकडेच बघत राहिले. रेडिओवरचा हात, अंधारातलं गप्प बसणं, जेवतानाचा तो घास हातात धरून बघणं, एकेक गोष्ट माझ्यासमोर येत होती आणि येऊन उलटी होत होती. ज्याचा अभिमान धरला होता ते सगळं दुसरंच काहीतरी होतं.

घरी आप्पा झोपल्यावर मी मायला विचारलं. ती चुलीपाशी भांडी आवरत होती. संचे चालू होते, म्हणून मला ओरडूनच विचारावं लागलं, आणि आप्पा जागे होतील अशी भीती वाटून मी दचकले, आणि मग लक्षात आलं की ते जागे होणार नाहीत. मायनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"कव्हयपासून?" मी विचारलं.

"गोटू पोटमा व्हता तव्हयपासून. हळूहळू गयं. तो जन्मना तव्हय समदंच गयं व्हतं."

म्हणजे गोटूचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. रडणं नाही, पहिला शब्द नाही, काहीच नाही. गोटू तिथंच पायाशी झोपला होता, तोंड उघडं टाकून. मी मायला म्हटलं, मग आम्हाला का नाही सांगितलं? खात्यात त्यांना काही अडचण आली नसती. तिथं तर निम्मे लोक ओरडल्याशिवाय ऐकत नाहीत.

"खात्यासाठे नही," माय म्हणाली. "तुम्ही पोरे बोलनं बंद करी देशात, असं त्यास्ले वाटस. माले म्हनेत, बहिरासंगे कोन बोलस?"

मला रागही आला आणि त्याच वेळी मायच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. मी यातलं काही केलं नाही. तिच्या शेजारी बसून भांडी पुसली.

रीळ धुऊन आल्यावर जयंतीकाकांनी फोटो माझ्यासमोर ठेवले. धुक्यातलं झाड चांगलं आलं होतं. मग तो फोटो आला. काका चष्मा वर करून म्हणाले, "आ काकाने खबर ज न पडी?" म्हणजे यांना कळलंच नाही? मी तो पिशवीत खाली लपवून घरी नेला, पण आप्पा खाटेवर पाय लांब करून बसलेच होते, पिशवी त्यांनीच उघडली. एकेक फोटो बघत ते त्या फोटोशी थांबले. त्यांनी बोट ठेवलं पहिल्या मुलावर, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. वर वळलेल्या माना, उघडी तोंडं. शेवटी बोट स्वतःवर येऊन थांबलं.

"समदा वर देखी राह्यनात," ते म्हणाले. "मीच नही."

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. अगदी समोर. आणि ओठ नीट हलवत म्हटलं, "आप्पा, माले ठाऊक शे." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. फोटो उलटा करून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून बसले. मी उठले नाही. त्या दिवशी कॉलेजात काय झालं ते सांगायला लागले. मधेच त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, शिरा गेल्यात, यंत्राचा फारसा उपयोग व्हायचा नाही. आप्पांनी मला डॉक्टरांचं बोलणं पुन्हा सांगायला लावलं, माझ्या ओठांवरून समजून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी लंगडत पाळीवर गेले.

थंडी सरताना एकदा त्यांनी स्वतःहून विचारलं, पुन्हा जायचं का डोंगरावर? मी चकित झाले. मायनं कपाळाला हात लावला, पण भाकरी बांधून दिली. या वेळी आम्ही दोघंच गेलो. मी पुढे, ते मागे काठी घेऊन. थांबायचं असलं की ते काठीनं माझ्या पिशवीला टोचत. बोलायचं असलं की मी वळून उलटी उभी राहायची. दगड सुटला होता त्या वळणावर ते थांबले नाहीत. दुपार टळता टळता आम्ही माथ्यावर पोचलो. गवत जळून गेलं होतं, डोंगर उघडे पडले होते, आणि फोटो काढायला त्याहून चांगला उजेड मला नंतरही फार वेळा मिळाला नाही. मी दोन-तीन फोटो घेतले. मग आप्पांनी माझ्या बाहीला धरून मला खाली बसवलं.

"आठे काय ऐकू येस?" त्यांनी विचारलं.

मला बरं वाटलं. त्यांना हे विचारता आलं, माझ्याजवळ विचारता आलं, याचंच बरं वाटलं. मी डोळे मिटून ऐकलं आणि त्यांना सांगत गेले. खाली लांब कुठंतरी गुराच्या गळ्यातली घंटा आहे. एक पाखरू आहे, थांबून थांबून बोलतंय. आता तेही थांबलं. "आते काहीच नही, आप्पा. एकदम शांत."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. शेवटचा शब्द त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावला. शांत. मग त्यांनी दरीकडे बघितलं.

"माले वाटनं व्हतं, आठे तरी थांबी," ते म्हणाले.

"काय थांबी?"

त्यांनी एका हातानं कानाकडे दाखवलं आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं जोडून हवेत इकडून तिकडे, तिकडून इकडे पळवली. "संचा. चालूच शे. घर, दवाखाना, झोपमा, समदीकडे. म्हनीसन तुनासंगे पहिल्यांदा उनू. तठे खातं नही म्हने ना तू."

मी इतके दिवस समजत होते की त्यांच्या कानात काही नाही. मी तर मनात म्हटलं होतं की निदान तो आवाज तरी त्यांच्यापुरता गेला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते.

शेवटी मी म्हटलं, उतरू या, उशीर होतोय. ते नको म्हणाले. थोडा वेळ बसू, एखाद वेळेस थांबेल. मग आम्ही बसलो. ऊन समोरच्या डोंगरावरून सरकत वर गेलं, दरीत सावली भरली. अधूनमधून मी त्यांच्याकडे बघायची, आणि ते दरीवरची नजर न काढता मानेनं नाही म्हणायचे.